लिफ्ट नंतर, आधी स्टिअरिंग: पहिल्यांदा गाडी उचलणाऱ्यांसाठी

माझ्या जिप्सीला दोन इंची लिफ्ट टाकून, म्हणजे सस्पेंशन बदलून गाडी तेवढी उंच करून, वर्ष झालं होतं. दुसऱ्या पावसाळ्यात शिळफाट्याच्या खड्ड्यांतून जाताना स्टिअरिंग वळवलं की खालून 'टक्' असा आवाज यायला लागला. टायरॉड एंड (पुढची चाकं एकमेकांना जोडणाऱ्या दांड्याचा टोकाचा सांधा) गेला असेल म्हणून बदलला. आवाज तसाच. मग दुसऱ्या बाजूचा बदलला, मग किंगपिनची (चाक ज्या खिळीभोवती वळतं तिची) बेअरिंगं. तीन गॅरेजं फिरून झाली, खिसा रिकामा झाला, 'टक्' मात्र जागचं हललं नाही.

शेवटी कळंबोलीला ट्रकच्या चासीची, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्याची, कामं करणाऱ्या एका वेल्डरकाकांकडे गाडी नेली. त्यांनी वायर ब्रशने चिखल खरवडला, बॅटरीचा झोत टाकला आणि मला म्हणाले, "आता नुसतं डावं-उजवं करा." स्टिअरिंग बॉक्सच्या (स्टिअरिंगच्या गिअरच्या पेटीच्या) पुढच्या बोल्टपासून चासीवर दोन बोटं लांबीचा तडा होता. स्टिअरिंग फिरवलं की तो तोंड उघडायचा आणि मिटायचा. "टायर मोठे घातले, टायरॉड जाड घातला, मग जोर जाणार कुठे?" काकांनी विचारलं.

पुढचं सगळं त्याच प्रश्नाभोवती आहे. टायरला बसलेला धक्का नकलमधून (चाक धरून वळणारा भाग) टायरॉड आणि ड्रॅग लिंकमध्ये (नकलपासून बॉक्सकडे जाणारा दांडा), तिथून पिटमन आर्ममध्ये (बॉक्समधून निघणारा आखूड हात), मग स्टिअरिंग बॉक्समध्ये, बॉक्सच्या बोल्टांत आणि अखेर चासीत जातो. मधली एखादी कडी मजबूत केली की धक्का नाहीसा होत नाही, तो पुढच्या कडीवर जातो. कंपनीने दिलेला टायरॉड वाकतो तेव्हा आपण त्याला शिव्या देतो, पण खरं तर तो वाकून बॉक्स वाचवत असतो. वाकलेला टायरॉड तासाभरात बदलता येतो. फाटलेली चासी तासाभरात बदलत नाही.

आधी आपली गाडी कुठल्या जातीची ते ओळखा

ठाणे-नवी मुंबईत लिफ्टसाठी येणाऱ्या गाड्या ढोबळ मानाने दोन प्रकारच्या. पहिल्या प्रकारात पुढचा अ‍ॅक्सल अखंड असतो: १९८५ पासून विकली गेलेली जिप्सी, जुन्या महिंद्रा जीपा आणि २०२३ मध्ये भारतात आलेली जिम्नी. जिप्सीला पुढे-मागे पाटे (लीफ स्प्रिंग), जिम्नीला कॉइल स्प्रिंग आणि आडवा पॅनहार्ड रॉड (चाकांचा आस बाजूला सरकू नये म्हणून त्याला चासीशी बांधणारा दांडा). या गाड्यांत चासीला बोल्टने बसवलेला स्टिअरिंग बॉक्स असतो.

दुसऱ्या प्रकारात पुढचं प्रत्येक चाक स्वतंत्र हलतं: २०२० ची थार, इसुझु व्ही-क्रॉससारखे पिकअप. इथे बॉक्स नाही, रॅक (टायरॉड थेट ढकलणारी दातेरी पट्टी) असतो.

तुम्हाला कोणी "सगळ्या गाड्यांना चालणारं" स्टिअरिंग किट विकायला आलं तर चहा पाजून परत पाठवा.

स्वतंत्र सस्पेंशनचं लवकर आटपतो, कारण तिथे करण्यासारखं कमी आणि न करण्यासारखं जास्त आहे. लिफ्ट वाढवली की टायरॉड तिरके होतात, ड्राइव्ह शाफ्टचे सांधे तिरके चालतात आणि वरच्या आर्मचा बॉल जॉइंट आपल्या टोकाला जाऊन अडतो. नुसता स्पेसर (स्प्रिंगवर बसवायचा ठोकळा) टाकून दीड-दोन इंचांच्या पुढे जाऊ नका. त्याहून उंच जायचं तर वरचे आर्म बदलावे लागतात, डिफरन्शियल खाली घ्यावा लागतो आणि खर्च कुठल्या कुठे जातो. लिफ्टनंतर कॅम्बर, कॅस्टर, टो हे चाकांचे तिन्ही कोन तपासणारं अलाइनमेंट लागतं. ज्या गाडीला ईएसपी (घसरणारी गाडी आपोआप ब्रेक लावून सावरणारी यंत्रणा) आहे तिचा स्टिअरिंग अँगल सेन्सर स्कॅनर लावून पुन्हा शून्यावर आणावा लागतो. तो राहिला तर गाडी सरळ चालत असतानाही ईएसपीला वाटतं तुम्ही वळताय.

यापुढचं मुख्यतः अखंड अ‍ॅक्सलवाल्यांसाठी.

लिफ्टच्या आधी: आहे तो प्ले (सांध्यातला ढिलेपणा) शोधा

हे काम घरच्या पार्किंगमध्ये होतं, फक्त सोबत एक माणूस हवा. गाडी सपाट जमिनीवर, चारही टायर खाली. पॉवर स्टिअरिंग असेल तर इंजिन चालू, हँडब्रेक ओढलेला, चाकांना ठोकळे. सोबतीला स्टिअरिंग थोडं थोडं डावं-उजवं हलवायला सांगा आणि तुम्ही बाजूने वाकून एकेका सांध्यावर बोट ठेवा. एक तुकडा हलतो आणि त्याला जोडलेला दुसरा क्षणभर उशिरा हलतो, तिथे प्ले आहे. डोळ्याला दिसला नाही तरी बोटाला कळतो.

मग एकेक चाक जॅकवर उचला, खाली स्टँड लावा. फक्त जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नका. टायर डावी-उजवीकडून धरून हलवा: खडखडलं तर टायरॉडचे सांधे. वर-खालून धरून हलवा: खडखडलं तर चाकाचं बेअरिंग किंवा किंगपिन. जिम्नीसारख्या गाडीत पॅनहार्ड रॉडचे बुश (टोकांची रबरी अस्तरं) आणि त्याच्या ब्रॅकेटची भोकंही बघा. गोल भोक अंडाकृती झालं असेल तर नवा बोल्ट आवळून उपयोग नाही.

याच वेळी बॉक्सभोवतालची चासी धुऊन, कोरडी करून बघा. आमच्याकडे पावसाळा चार महिने, त्यात खाडीचा खारा वारा. ऐरोली, वाशी, कोपरी अशा खाडीकाठच्या भागांत उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाड्यांची चासी बाहेरून ठीक दिसते आणि आतून पापुद्रे सुटलेले असतात. छोट्या हातोडीने ठोकत जा. धड पत्रा खणखणतो, कुजलेला बद्द वाजतो. बद्द वाजला तर लिफ्टचे पैसे आधी तिथे घाला.

टायर किती मोठा, हे ठरवा. लिफ्ट त्यावरून ठरते

नवखे उलटं करतात. आधी किट घेतात, मग त्यात मावेल तो सगळ्यात मोठा टायर. पण स्टिअरिंगवरचा ताण मुख्यतः टायर आणि रिम ठरवतात. जिम्नीचा मूळ टायर १९५/८० आर १५, व्यास साधारण ६९३ मिमी. त्याजागी २३५/७५ आर १५ घातला तर व्यास ७३४ मिमीच्या आसपास. दिसायला फक्त ४ सेंटीमीटरचा फरक. पण वजन वाढतं, रुंदी वाढते, दगडाला टायर अडकला की बॉक्सवर येणारा झटका वाढतो. स्पीडोमीटरही जवळजवळ ६ टक्के कमी दाखवतो: काटा ८० वर असताना गाडी ८५ ला धावत असते.

त्याहून वाईट म्हणजे 'बाहेर काढलेले' रिम किंवा व्हील स्पेसर. चाक ज्या रेषेभोवती वळतं ती किंगपिनची रेषा जमिनीला जिथे भेटते, तिथून टायरचा मध्य जितका बाहेर, तितका लांब दांडा प्रत्येक खड्ड्याला मिळतो. पाम बीच रोडवर गाडी रुबाबदार दिसते हे खरं. पण तो रुबाब टायरॉड, बॉक्स आणि चासी मिळून उचलत असतात.

कोन: इथे घाई करू नका

लिफ्टने चासी वर गेली, अ‍ॅक्सल खालीच राहिला. बॉक्स चासीवर, नकल अ‍ॅक्सलवर. म्हणजे त्या दोघांना जोडणारा ड्रॅग लिंक आता जास्त तिरका झाला. तिरका दांडा चाक वर-खाली झालं की आडवाही सरकतो, आणि आडवा सरकला की चाक तुम्ही न वळवता वळतं. याला बंप स्टिअर म्हणतात. खड्ड्यात गाडीने हातातून स्टिअरिंग हिसकावलं, तर बहुधा हाच.

पॅनहार्ड रॉड असलेल्या गाडीत मंत्र एकच: ड्रॅग लिंक आणि पॅनहार्ड रॉड एकमेकांना समांतर आणि शक्य तितके सारख्या लांबीचे. दोघे तिरके असले तरी चालतं, पण एकाच कोनात, कारण मग दोघांची टोकं सारख्याच कमानीत फिरतात. म्हणून फक्त खाली वळलेला पिटमन आर्म घालून ड्रॅग लिंक आडवा केला आणि पॅनहार्ड तिरकाच ठेवला, तर बंप स्टिअर वाढतो. एकाला खाली आणलं तर दुसऱ्याचंही ब्रॅकेट हलवायला हवं.

पॅनहार्ड रॉड आणखी एक गोष्ट करतो: लिफ्टनंतर अ‍ॅक्सलला एका बाजूला ओढतो. रॉड ८५ सेंमी लांब आहे आणि त्याची दोन टोकं उंचीला आधीच १० सेंमीने वर-खाली आहेत असं धरा. ५ सेंमी लिफ्ट दिली तर अ‍ॅक्सल साधारण साडेसात मिमी बाजूला सरकतो. तोच रॉड आधी अगदी आडवा असता तर सरकणं दीड मिमीच झालं असतं. म्हणून दुसऱ्याच्या गाडीचा अनुभव आपल्या गाडीला तसाच लागू होत नाही. लांबी कमी-जास्त करता येणारा पॅनहार्ड रॉड घ्या आणि गाडी स्वतःच्या वजनावर उभी असताना जुळवा, जॅकवर लोंबकळताना नव्हे.

तिसरा कोन कॅस्टर. किंगपिनची रेषा वरून किंचित मागे झुकलेली असते, म्हणून वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ होतं. जिम्नीच्या पुढच्या अ‍ॅक्सलला धरणारे आर्म अ‍ॅक्सलशी घट्ट बांधलेले असतात. आर्म खाली झुकला की अ‍ॅक्सलही तेवढाच फिरतो. आर्म ८० सेंमी लांब धरला तर ५ सेंमी लिफ्टने कॅस्टर साडेतीन अंशांच्या आसपास घटतो. गाडी सायन-पनवेल महामार्गावर ८० ला तरंगल्यासारखी वाटायला लागते. उपाय म्हणजे भोक मध्यापासून सरकवलेले करेक्शन बुश किंवा आर्मची ब्रॅकेटं. मला ब्रॅकेटं आवडतात, बुश लवकर थकतात.

पाट्याच्या गाडीत शॅकल (पाट्याचं टोक चासीला टांगणारी पट्टी) लांब करून लिफ्ट देण्याचा स्वस्त प्रकार चालतो. दोन इंच लांब शॅकलने लिफ्ट मिळते एकच इंच, आणि शॅकल पाट्याच्या पुढच्या टोकाला असेल तर कॅस्टर घटतो. मागच्या टोकाला असेल तर वाढतो. पाट्याच्या बैठकीत पाचर घालून दुरुस्त करता येतं, पण पाचरीने डिफरन्शियलचं तोंडही फिरतं आणि पुढच्या प्रोपेलर शाफ्टचा कोन बिघडू शकतो. एक दुरुस्त करताना दुसरं मोडत नाही ना, हे दर वेळी बघायचं.

आणि तो कुप्रसिद्ध थरथराट! ठरावीक वेगाला एक खड्डा लागतो आणि पुढची दोन्ही चाकं वेड्यासारखी डावी-उजवी हलायला लागतात. ब्रेक करकचून दाबू नका, स्टिअरिंग घट्ट धरून हळूहळू वेग उतरवा. कारण बहुधा प्ले: पॅनहार्डचे बुश, टायरॉड एंड, किंगपिन. शिवाय बिघडलेलं बॅलन्सिंग, घटलेला कॅस्टर. गॅरेजवाला लगेच जाड स्टिअरिंग डॅम्पर (स्टिअरिंगच्या दांड्याला लावायचा शॉकअप) सुचवतो. डॅम्परने थरथर लपते. सगळे सांधे निर्दोष झाल्यावरच डॅम्पर घाला.

कुठला भाग आधी

आधी सांधे, चांगल्या प्रतीचे टायरॉड एंड, नटात कॉटर पिन (नट फिरू न देणारी खिळी) घातलेले. मग गरज असेल तरच जाड टायरॉड. बाजारात हाइम जॉइंटवाले (उघड्या गोळ्याचा धातूचा सांधा असलेले) चकचकीत रॉड मिळतात. शर्यतीसाठी ठीक, पण त्यांना रबराचं बूट नसतं. मुरबाडच्या लाल चिखलात एक पावसाळा काढला की वाजायला लागतात. रोजच्या गाडीला बूट असलेला साधा एंडच बरा.

ड्रॅग लिंकचा कोन सुधारायचे दोन रस्ते आहेत: बॉक्सकडचं टोक खाली आणा, किंवा नकलकडचं टोक वर न्या. खाली वळलेला पिटमन आर्म स्वस्त आणि अर्ध्या तासाचा. पण आर्म जितका खाली, तितका लांब दांडा बॉक्सला त्याच्या बोल्टांवर पिळायला मिळतो. माझ्या चासीला तडा पडण्यात मी घातलेल्या अशाच आर्मचाही हात होता. नकलकडचं टोक वर नेलं तर बॉक्सवर हा जादा पीळ येत नाही. फक्त सस्पेंशन पूर्ण दबल्यावर रॉड पाट्याला किंवा चासीला लागत नाही ना, हे आधी तपासा.

एक नियम मात्र मोडू नका. पिटमन आर्म, नकल, टायरॉड यांना वेल्डिंग नाही, गॅसने तापवून वाकवणं नाही. हे भाग घडीव किंवा उष्णतेची प्रक्रिया केलेले असतात. तापवले की त्यांची कडकपणाची घडी बिघडते आणि तुटताना सूचना देत नाहीत. वागळे इस्टेटमध्ये "साहेब, दोन मिनिटांत वाकवून देतो" म्हणणारे भेटतील. धन्यवाद म्हणा आणि निघा.

बहुतेक जिप्सींना पॉवर स्टिअरिंग नसतंच, म्हणून मोठ्या टायरांबरोबर ते बसवायचा मोह होतो. बसवा, पण लक्षात ठेवा: आधी तुमचे दंड थकत होते, आता पंप थकत नाही. दगडाला अडकलेलं चाक तो पूर्ण जोराने ढकलत राहील आणि त्याची उलटी प्रतिक्रिया बॉक्सच्या बोल्टांवर येईल. म्हणून पॉवर स्टिअरिंगच्या आधी चासीला आधार. जिम्नीच्या इलेक्ट्रिक स्टिअरिंगला उभ्या गाडीत मोठे टायर सारखे फिरवायला लावले तर मोटर तापते आणि मदत कमी होते. गाडी किंचित हलती ठेवून वळवा.

चासी

तडा कुठेही पडत नाही. जिथे ताणाची वाट अचानक अडते तिथे पडतो: बोल्टच्या भोकाच्या कडेला, ब्रॅकेटच्या टोकाला, वेल्डिंग जिथे संपतं तिथे. जाड पट्टी ठोकली की मजबूत झालं, हा समज त्यामुळेच चुकतो. पट्टीच्या जागी चासी ताठ होते, पण पट्टी संपते त्या रेषेवर सगळा वाक गोळा होतो आणि दोन वर्षांनी तडा नेमका तिथे येतो.

काकांनी माझं काम असं केलं. आधी आजूबाजूला डाय पेनिट्रंट (तड्यात शिरणारा लाल रंग) फवारलं, पुसलं आणि पांढरा डेव्हलपर मारला. तड्याची लाल रेघ डोळ्याला दिसत होती त्यापेक्षा नखभर पुढे गेलेली निघाली. खऱ्या टोकाला बारीक भोक पाडलं, म्हणजे तडा पुढे पळत नाही. तडा ग्राइंडरने 'व्ही'सारखा उघडला, सीओटू वेल्डिंगने भरला, घासून सपाट केला. मग चासीच्याच जाडीची पट्टी, तिची टोकं चौकोनी न ठेवता पतंगासारखी निमुळती कापलेली. त्यामुळे वेल्डिंगची रेघ चासीला वरून खाली सरळ रेषेत कुठेच कापत नाही. वरच्या आणि खालच्या कडेवर वेल्डिंग नाही. चासी वाकते तेव्हा सगळ्यात जास्त ताण त्याच दोन कडांवर असतो.

पेटीसारख्या बंद चासीत बोल्ट आवळले की पत्रा आत दबतो आणि बोल्ट पुन्हा सैल होतात. त्यासाठी भोकातून आरपार जाड नळीचे तुकडे घालून दोन्ही बाजूंना वेल्ड केले. आता बोल्ट नळीवर आवळतो, पत्र्यावर नाही. बोल्ट १०.९ ग्रेडचे, डोक्यावर आकडा छापलेला. जुने पुन्हा वापरायचे नाहीत. शेवटी बॉक्सपासून समोरच्या क्रॉस मेंबरपर्यंत (चासीच्या दोन बाजू जोडणारी आडवी तुळई) बोल्टने बसणारा एक तिरका आधार, म्हणजे बॉक्सचा पीळ एकाच पट्टीवर न राहता पलीकडच्या बाजूलाही वाटला जातो.

वेल्डिंगआधी बॅटरीचं निगेटिव्ह सोडा, ईसीयू (इंजिनचा संगणक) आणि इलेक्ट्रिक स्टिअरिंगचे प्लग काढा, अर्थिंगचा चिमटा कामाच्या अगदी जवळ लावा. इंधनाची, ब्रेकची नळी आणि वायरिंग बाजूला घ्या. काम झाल्यावर आत बाहेर गंजरोधक, चासीची पाणी निघायची भोकं मोकळी.

लिफ्टवाल्यांकडून राहून जाणारी गोष्ट म्हणजे बंप स्टॉप (सस्पेंशन पूर्ण दबताना अडवणारा रबरी ठोकळा). शॉकअप पूर्ण दबून आतूनच आदळायला लागला की त्याचं वरचं ब्रॅकेट चासीतून उखडतं. शॉकअप आदळण्याच्या आधी बंप स्टॉप लागायला हवा, म्हणून तो लिफ्टच्या मानाने खाली आणावा लागतो. ब्रेकच्या होजची लांबी आणि एबीएसची वायर यांचीही पूर्ण लोंबकळत्या चाकावर खात्री करा.

विंच (अडकलेली गाडी ओढून काढायची चरखी) बसणारा बंपर लावायचा असेल तर थांबा. बऱ्याच गाड्यांत स्टिअरिंग बॉक्स चासीच्या ज्या पुढच्या टोकाला असतो, विंचही त्याच टोकाला ओढते. आधी बॉक्सचं काम, मग विंच.

कागद

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की आरसीतला तपशील कंपनीने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असे बदल गाडीत करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या १८२ए नुसार मालकाला प्रत्येक बेकायदा बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. तेव्हा एमएच-०४ (ठाणे) असो की एमएच-४३ (नवी मुंबई), काम काढण्याआधी आपल्या आरटीओत विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. अपघातानंतर सर्वेअर गाडीखाली बघतोच. आणि येऊर हा राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. तिथे गाडीची 'टेस्ट' घेऊ नका.

जुळवणी आणि पहिले पाचशे किलोमीटर

अलाइनमेंटला जाण्याआधी घरीच टो बघा. दोन्ही पुढच्या टायरांच्या मध्यावर खडूने रेघ मारा, हबच्या उंचीवर पुढून आणि मागून अंतर मोजा. पुढचं अंतर किंचित कमी हवं, किती ते तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतं. टो टायरॉडने बदला. स्टिअरिंगचं चाक सरळ करायला ड्रॅग लिंक फिरवा. दोन्ही एकाच वेळी फिरवू नका, नाहीतर कशाने काय झालं ते कळत नाही. स्टिअरिंग मध्यावर असताना बॉक्सही त्याच्या मध्यावर हवा, तिथे त्याचा प्ले सगळ्यात कमी असतो.

पहिली फेरी सोसायटीच्या आवारात, पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवून. टायर पाट्याला किंवा आर्मला घासत असेल तर नकलवरचा स्टॉप बोल्ट थोडा बाहेर काढा. मग सकाळी लवकर, रिकाम्या रस्त्यावर ४०, ६०, ८०. शंभर किलोमीटरनंतर सगळे बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा आवळा, पाचशेनंतर पुन्हा. प्रत्येक नटावरून चासीपर्यंत रंगाची एक रेघ ओढा: रेघ तुटलेली दिसली की नट फिरला.

मी बॉक्सभोवती चासीला काळ्याऐवजी पांढरा रंग दिलाय. दिसायला विचित्र, मित्र हसतात. पण काळ्यावर तडा दिसत नाही, पांढऱ्यावर गंजाची लाल रेघ लगेच उठते. दर रविवारी गाडी धुताना बॅटरी मारून तेवढी एक जागा बघतो.